मिशीआडचं फिजिक्स

मी आमच्या कॉलेजात बरीच वर्षं मराठी शिकवलं. बरं शिकवलं, असं माझं मत आहे. पण आता मंडईत किंवा बसथांब्यावर जुने विद्यार्थी भेटतात, तेव्हा मी शिकवलेली कविता कुणाला आठवत नाही. प्रकृतीची चौकशी होते, मुलंबाळं काय करतात ते होतं, आणि मग आवाज थोडा खाली आणून हमखास प्रश्न येतो, "मॅडम, खांबेटे सरांची मिशी तुम्हीच काढायला लावलीत ना?"

मी लावली नव्हती. मी फक्त निरोप पोहोचवला होता. पण हे सांगायला सुरुवात केली की समोरच्याची बस येते. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

झालं असं की, विद्यापीठाकडून एक परिपत्रक आलं. प्रत्येक महाविद्यालयाने अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी बघण्यासाठी समिती नेमावी आणि एका प्राध्यापकाकडे तिची जबाबदारी द्यावी. त्यावर आमच्याकडे शनिवारी दुपारी बैठक झाली. मी त्या दिवशी भाच्याच्या मुंजीला चिंचवडला गेले होते. आमच्या कॉलेजात गैरहजर माणसाची निवड नेहमी एकमताने होते. सोमवारी सही करायला गेले तर मस्टरशेजारी माझ्या नावाचं पत्र ठेवलेलं, आणि स्टाफरूममध्ये सगळे माझं अभिनंदन करत होते. ज्या कामाबद्दल सहकारी इतक्या मनापासून अभिनंदन करतात ते काम कसं असणार, हे कळण्याइतकी नोकरी माझी तोवर झालेली होती.

काम कागदावर सोपं होतं. ज्याला लिहिता येत नाही त्याला परीक्षेला लेखनिक द्यायचा, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उतरवून घेणारा माणूस. ज्याला वेळ लागतो त्याला जादा वेळ द्यायचा. ज्याला जिना चढवत नाही त्याचा वर्ग खाली आणायचा. एवढंच. आणि खरं सांगायचं तर मुलांचा कधी त्रास झाला नाही. आपल्याला काय लागतं ते मुलांना पक्कं ठाऊक असतं, लहानपणापासून ती तेच तर शोधत आलेली असतात. त्रास व्हायचा तो बाकीच्यांचा. एका लेखनिकाने मधेच उत्तर लिहायचं थांबवलं, कारण मुलगा सांगत होता ते त्याला पटत नव्हतं. एक बाई दृष्टिहीन मुलाशी वर्षभर इतक्या मोठ्याने बोलल्या, की शेवटी तो म्हणाला, "मॅडम, माझे कान चांगले आहेत. अजून तरी." आणि एखाद्या प्राध्यापकाला सांगावं, की अमुक मुलाला दिसत नाही, तेव्हा फळ्यावर लिहाल ते तोंडानेही बोला, तर तो विचारायचा, "मग बाकीच्यांनी काय करायचं? कान झाकून बसायचं?"

पल्लवी जांभळे आमच्याकडे आली ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिलं वर्ष तिने घराजवळच्या कॉलेजात केलं होतं. घर हिंजवडीच्या अलीकडच्या गावात. वडिलांची शेती कंपन्यांच्या इमारतींखाली गेली आणि उरलेल्या जागेवर त्यांनी कंपन्यांतल्याच पोरांसाठी हॉस्टेल बांधलं होतं. त्यांना गावात सगळे अण्णा म्हणत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात कोल्हापुरी. ते मुलीला घेऊन प्राचार्यांच्या खोलीत आले तेव्हा मलाही बोलावणं आलं.

"पोरगी हुशार हाय," अण्णा म्हणाले. "दोन वर्साची असताना ताप आला, त्यात कान गेलं. मशीन लावलं तरी गाडीचा हॉर्न तेवढा कळतो. पर माणूस समोर बसून बोललं, की सगळं वळखती."

"काळजी करू नका," प्राचार्य म्हणाले. "आपल्याकडे रॅम्प आहे."

हा रॅम्प म्हणजे व्हरांड्याच्या दोन पायऱ्यांशेजारी घातलेला सिमेंटचा उतार. प्राचार्यांना त्याचा फार अभिमान. त्यावरून आजवर कुणाची चाकाची खुर्ची गेली नव्हती, पण ऑफिसातल्या लोकांच्या स्कूटर आत यायला लागल्या होत्या.

"तिला चालाय येतं," अण्णा म्हणाले.

"असू द्या. सोय आहे."

अण्णांनी जरा विचार केला. "अजून काय बांधायचं आसंल तर सांगा. बांधून देतो."

पल्लवी इतका वेळ एकदा प्राचार्यांच्या आणि एकदा वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काही बांधायला नको आहे. मला पहिल्या बाकावर बसायचं आहे, आणि सरांनी माझ्याकडे तोंड करून बोलायला हवं आहे. बाकी काही नाही."

तिचा आवाज सपाट, थोडा ताणलेला होता, पण शब्दन् शब्द स्पष्ट. पुण्यातल्या एका बाईंनी आरशासमोर बसवून तिला बोलायला शिकवलं होतं. त्यामुळे एक गंमत झाली होती. सगळं घर 'हाय' आणि 'न्हाय' म्हणायचं, आणि त्या घरात ही एकटी मुलगी 'आहे' आणि 'नाही' म्हणायची. अण्णांना त्याचं कोण कौतुक. "आमच्यात हीच यकटी शुद्ध," ते मला म्हणाले.

ओठ वाचणं म्हणजे काय हे तिने मला नंतर समजावून सांगितलं. आपल्याला वाटतं तितकं ते सरळ नसतं. प, ब, भ, म ही अक्षरं ओठांवर एकसारखीच दिसतात. पार, भार आणि मार तिच्या लेखी एकच शब्द. कुठला ते मागच्यापुढच्या बोलण्यावरून ताडायचं. क, ग, ह तर घशात तयार होतात, ते दिसतच नाहीत. माझं आडनाव ओक. त्यातला ओ तिला छान गोल दिसायचा आणि क दिसायचाच नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे तिची समजूत अशी होती, की या बाईंना सगळं कॉलेज "ओ मॅडम" अशी हाक मारतं, आणि पुण्यात मोठ्या पदावरच्या बाईंना असं हटकतात याचं तिला नवल वाटत होतं.

महिनाभराने ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, सगळ्या सरांचं समजतं. फक्त फिजिक्सच्या खांबेटे सरांचं समजत नाही. त्यांना ओठ नाहीत."

खांबेटे सरांना ओठ होते, पण ते कुणी पाहिले नव्हते. सर नारायण पेठेत राहायचे, सायकलवरून यायचे, आणि त्यांची मिशी नाकाखालून निघून थेट हनुवटीच्या दिशेने उतरायची. चहा प्यायले की ती पुसायला वेगळा रुमाल लागायचा. शिकवायचे उत्तम, असं सगळे म्हणायचे, पण अर्धा वेळ फळ्याशी बोलायचे. आणि बोलून झालं की मिशीत काहीतरी पुटपुटायचे. काय पुटपुटतात ते कुणाला कधी कळलं नव्हतं. मिशी हलायची, एवढंच दिसायचं.

मी स्टाफरूममध्ये त्यांना गाठलं.

"सर, तुमच्या वर्गात जांभळे म्हणून मुलगी आहे. तिला ऐकू येत नाही."

"बाकीच्यांनाही येत नाही," सर म्हणाले. "तिने निदान प्रमाणपत्र आणलंय."

"ती ओठ वाचते."

"चांगलं आहे. हल्ली कुणी काही वाचत नाही."

"पण तुमचे ओठ दिसत नाहीत, सर."

सरांनी पेपर खाली ठेवला. "ओक मॅडम, वेळ वाढवून द्यायचा असेल तर देतो. पुढे बसवायचं तर बसवतो. नोट्ससुद्धा देतो, आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत. पण माझ्या चेहऱ्याचा कुठला भाग विद्यापीठाच्या अखत्यारीत येतो, ते मला त्या परिपत्रकात दाखवा."

मी परिपत्रक काढून बघितलं. त्यात 'वाजवी सोयी पुरवाव्यात' असं म्हटलं होतं. मग मिशी वाजवी की गैरवाजवी, यावर स्टाफरूममध्ये चार दिवस चर्चा चालली. राज्यशास्त्राच्या सरांनी मिशी हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं सांगितलं, आणि त्यांना स्वतःला मिशी नसल्याने त्यांचं मत निःपक्षपाती मानलं गेलं. मी हरले.

खांबेटे सर मात्र शब्दाला पक्के. नोट्स देतो म्हणाले होते, त्या दिल्या. पल्लवीने त्या मला आणून दाखवल्या. सरांचं अक्षर बघून मला मिशी परवडली असं वाटलं. मग सरांनी वर्गाकडे तोंड करून शिकवायचं ठरवलं. बोलायचं वर्गाकडे आणि लिहायचं फळ्यावर, म्हणून त्यांनी हात पाठीमागे नेऊन लिहायचा प्रयत्न केला. त्या दिवशीचं समीकरण अजून कुणाला लागलेलं नाही. पुढे त्यांनी मिशीची खालची कड कातरली. पल्लवी म्हणाली, "आता खालचा ओठ दिसतो. वरचा दिसल्याशिवाय प, ब, म कधी येऊन गेले ते कळत नाही." मी तो निरोपही पोहोचवला. सर म्हणाले, "तिला सांगा, आता फक्त नाक कापायचं उरलंय."

वळण आलं ते एका चाचणीत. सर गणितं तोंडी सांगायचे, मुलांनी उतरवून घेऊन सोडवायची. एका भिंगाचं गणित होतं. सरांनी इंग्रजीत सांगितलं, फोकल लेंग्थ फिफ्टी सेंटिमीटर. पल्लवीने मिशीच्या हालचालीवरून ताडलं, फिफ्टीन. आणि पंधरा धरून तिने सगळं गणित सोडवलं. सरांनी शून्य दिलं.

ती पेपर घेऊन सरांकडे गेली. मी तिथेच बसले होते. ती म्हणाली, "सर, पंधरा धरलं तर माझं उत्तर बरोबर आहे का? तेवढंच सांगा. मार्क नकोत."

सर पेपर बघत राहिले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा गेले. मग पेपर तिच्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "बघतो." ती गेल्यावर मला म्हणाले, "बाकीच्या सगळ्यांनी पन्नास ऐकलं. आणि एकालाही शेवटपर्यंत जाता आलं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर गडबड ऐकू आली. आमचा शिपाई शंकरराव एका गृहस्थांना अडवून सांगत होता, "पालकांनी ऑफिसात जायचं. सायकल आत न्यायची नाही."

"शंकर," ते गृहस्थ म्हणाले, "बावीस वर्षं तू माझी सायकल पुसतोयस."

शंकररावाने सायकल ओळखली. माणूस ओळखायला त्याला आणखी थोडा वेळ लागला. मिशीखालून निघालेले सर वयाने लहान आणि जरासे घाबरलेले दिसत होते. वरचा ओठ इतकी वर्षं उन्हात न आल्याने पांढराफटक होता. स्टाफरूममध्ये शिरताच कुणी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "न्हाव्याचा हात घसरला." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. न्हाव्याचा हात दोन्ही बाजूंना सारखाच कसा घसरला, हे पुण्यात कुणी विचारलं नाही, यावरून सरांबद्दल किती आदर होता ते कळावं.

पल्लवीचं काम झालं. पण सरांचं काम वाढलं.

पंधरवड्याने ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "ती मुलगी वर्गात हसते."

"कशाला?"

"तेच मला कळत नाही. मी शिकवत असताना गंभीर असते. मी गप्प झालो की हसते."

मी पल्लवीला बोलावून विचारलं. तिने जरा इकडेतिकडे बघितलं. "मॅडम, सर जे मोठ्याने बोलतात ते चांगलंच असतं. पण त्यानंतर हळू बोलतात ते फार छान असतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तीस वर्षं त्या मिशीत जे विरून गेलं होतं ते आता उघड्यावर आलं होतं. वर्गातल्या सगळ्या ऐकणाऱ्यांना ते ऐकू येत नव्हतं, आणि एकट्या पल्लवीला शब्दन् शब्द दिसत होता. एका मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर सर "पुन्हा विचार कर" असं मोठ्याने म्हणायचे आणि नंतर पुटपुटायचे, "हाच उद्या हिंजवडीत माझ्या चौपट पगार घेणार." प्राचार्य दारातून डोकावून गेले की, "आले. रॅम्प जागेवर आहे का बघायला." घड्याळाकडे बघून, "अजून वीस मिनिटं. मुलांनाही आणि मलाही."

वर्गाला याचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. तास सुटला की पल्लवीभोवती कॅन्टीनमध्ये गर्दी जमायला लागली. "आज काय म्हणाले?" एका प्लेट वडापावला एक वाक्य, असा भाव निघाला होता म्हणे. पहिल्या महिन्यात जिच्याशी कसं बोलावं हे कुणाला समजत नव्हतं, तिच्या शेजारी बसायला आता मुली भांडत होत्या.

सरांना सांगणं माझ्याकडे आलं. मी सांगितलं. सर एकदम खुर्चीत बसले. मग म्हणाले, "सगळं दिसतं?"

"सगळं."

"मागच्या मंगळवारचंही?"

मागच्या मंगळवारी काय होतं ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, आता सर मिशी पुन्हा वाढवणार. वाढवायला त्यांनी सुरुवातही केली होती. पण ती सुमनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बंद पाडली. एका हळदीकुंकवाला त्या मला म्हणाल्या, "मी म्हटलं, अशीच राहू द्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आता कुठे मला कळायला लागलंय, की हे चिडलेत की नुसतेच विचारात आहेत. त्यातून मला वाटायचं त्याच्या निम्मंसुद्धा चिडत नाहीत हो." सर दारात उभे होते. ते काहीतरी पुटपुटले. वहिनी म्हणाल्या, "दिसलं."

मग सरांनी तडजोड केली. ते पुटपुटणं थांबलं नाही, फक्त त्याला पत्ता मिळाला. वर्गाकडे बघत ते आवाज न करता म्हणायचे, "जांभळे, तिसऱ्या बाकावरचा झोपलाय. उठव." पल्लवी शांतपणे उठायची, तिसऱ्या बाकापाशी जायची, त्याला हलवून जागेवर येऊन बसायची. दारातून बघणाऱ्याला वाटायचं, की या मुलीला काही दैवी शक्ती आहे. त्या वर्षी सरांच्या तासाला झोपायचं प्रमाण बरंच कमी झालं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा आली, आणि त्यात तोंडी परीक्षा असते. प्रयोग करायचा, मग बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक समोर बसवून प्रश्न विचारतात. पहिल्या वर्षी, आधीच्या कॉलेजात, पल्लवीला तोंडी परीक्षेत जवळजवळ काहीच मार्क मिळाले नव्हते. परीक्षकांची समजूत झाली होती की मुलगी मुद्दाम उत्तर देत नाही. याही वर्षी तसंच झालं तर पहिला वर्ग जाणार होता, आणि एम.एस्सी.चं दार बंद होणार होतं. अण्णांनी तर ठरवूनच टाकलं होतं. यंदा जमलं नाही तर कॉलेज बंद, हॉस्टेलचा कारभार बघायचा. मी आधीच प्राचार्यांची सही घेऊन ठेवली, की तिला प्रश्न समोर बघून, सावकाश विचारावेत. तो कागद परीक्षकांच्या टेबलावर ठेवला होता. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

परीक्षक वयस्कर होते, बाहेरगावाहून एस.टी.ने आले होते. मान खाली घालून प्रयोगवही चाळत बोलायची त्यांची पद्धत. तोंडात सुपारी, आणि सुपारी दिसू नये म्हणून तोंडावर हात. पल्लवी समोर बसली. त्यांनी वहीला प्रश्न विचारला. पल्लवी गप्प. त्यांनी पुन्हा वहीला विचारलं.

"सर, कृपा करून वर बघून बोला," पल्लवी म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही तर तोंडी परीक्षेला कशाला बसलात?"

हे मात्र तिने वाचलं, कारण ते म्हणताना त्यांनी वर बघितलं होतं.

खांबेटे सर अंतर्गत परीक्षक म्हणून शेजारीच होते. ते म्हणाले, "प्रश्न मी तिला सांगतो." आणि सवयीने आवाज न करता ओठांनी सांगितला. पल्लवीने ताबडतोब उत्तर दिलं.

परीक्षकांनी वही मिटली. "तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"तुमचा प्रश्न."

"मला ऐकू आला नाही."

"तिलाही आला नाही. तिला दिसला."

"आणि उत्तरही दिसलं नसेल कशावरून?"

ओठांनी सांगितलेल्याला साक्षीदार कुठून आणायचा. परीक्षक म्हणाले, हे असं चालणार नाही, मी तसा शेरा लिहीन. शंकरराव धावत मला बोलवायला आला. मी 'समास' शिकवत होते, तो तसाच टाकून प्रयोगशाळेत गेले.

"प्रश्न कागदावर लिहून द्या," मी म्हणाले.

"मग ती लेखी परीक्षा होईल," परीक्षक म्हणाले.

"मग मी सांगते तिला. मोठ्याने. तुम्हाला ऐकू येईल असं."

"तुम्ही कुठल्या विषयाच्या?"

"मराठीच्या."

त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. "फिजिक्समधलं काही येतं?"

"अजिबात नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. माझ्या अज्ञानाचा कुणाला उपयोग व्हावा, असा तो नोकरीतला एकमेव प्रसंग. खांबेटे सरांना खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. ते बसले, आणि खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडाला काहीतरी म्हणाले.

पहिला प्रश्न मी नीट पोहोचवला. दुसऱ्या प्रश्नाला परीक्षकांची सुपारी आडवी आली. मी ऐकलं तसं पल्लवीकडे तोंड करून, सावकाश, मोठ्याने सांगितलं, "हाऊ विल यू फाइंड द रेडिओ ऑफ करवीर?"

पल्लवीने माझ्या ओठांकडे बघितलं. खिडकीपाशी सरांचे खांदे हलायला लागले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "या प्रयोगात रेडिओ नाही. आणि करवीर म्हणजे कोल्हापूर. सर 'रेडियस ऑफ कर्व्हेचर' म्हणाले असतील. भिंगाच्या गोलाईची त्रिज्या."

"तसंच म्हणालो," परीक्षक म्हणाले.

"मला तसं ऐकू आलं नाही," मी म्हणाले. माझे कान तेव्हा उत्तम होते.

परीक्षक उठले, दारापाशी गेले, सुपारी थुंकून, चूळ भरून आले. खुर्ची पुढे ओढली, हात टेबलावर ठेवले आणि थेट पल्लवीकडे बघून म्हणाले, "हं. कशी काढाल त्रिज्या?"

तिने सांगितली. मग त्यांनी विचारलं, की भिंगाखाली जी वर्तुळं दिसतात त्यांच्या मधोमध काळा ठिपका का असतो. तिने तेही सांगितलं. मला त्यातलं काही समजलं नाही, पण परीक्षक पुढे पुढे सरकत होते, आणि मी खुर्चीसकट मागे मागे. थोड्या वेळाने दोघांनाही माझी गरज उरली नाही. बाकीच्या मुलांना पाच मिनिटं, तिला त्यांनी चांगला अर्धा तास बसवून घेतलं. बाहेर रांगेतली मुलं वैतागली.

जाताना परीक्षक मला म्हणाले, "इतकी वर्षं तोंडी परीक्षा घेतोय. माझ्या तोंडाकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं." मग खिडकीकडे बघून म्हणाले, "सर, आता वळा." खांबेटे सर वळले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही.

पल्लवीला पहिला वर्ग मिळाला. पुढे एम.एस्सी. झाली, आणि भोसरीला भिंगं तयार करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली. सगळ्यांचंच असं झालं नाही. तिच्यानंतर माझ्याकडे जी मुलं आली त्यांच्यातली काही मधेच गेली, आणि का गेली ते आम्हाला नंतर कुणाकडून तरी कळायचं. त्यांच्या गोष्टी मला कुणी बसथांब्यावर विचारत नाही.

पल्लवीच्या लग्नाला मी, सर आणि सुमनवहिनी एका रिक्षातून गेलो. कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये अडकून पोहोचेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. अण्णांनी एका मोठ्या लॉनवर लग्न काढलं होतं. माणसं मावत नव्हती. स्टेजच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर, आणि त्यातून असा आवाज येत होता की बसल्या जागी खुर्ची हलल्यासारखी वाटावी. शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. वहिनी माझ्या कानात ओरडून काही सांगत होत्या आणि मी मान डोलवत होते. भूक सडकून लागली होती, पण जेवणाच्या रांगेचं टोक दिसत नव्हतं.

तेवढ्यात सर उठले. "चला," असं त्यांनी हाताने सांगितलं.

स्टेजवर पल्लवी हिरव्या शालूत नवऱ्याशेजारी उभी होती. फोटोवाला तिला सारखा समोर बघायला सांगत होता आणि ती सारखी आमच्याकडे बघत होती. स्टेजच्या उंचीवरून तिला सगळं लॉन दिसत होतं. ती अगदी सावकाश, सगळ्या गोंगाटाच्या पलीकडून, नुसत्या ओठांनी सरांशी बोलत होती, आणि सरांना ते एव्हाना वाचता येत होतं. सर हात हलवत आम्हाला स्टेजच्या बगलेला घेऊन गेले. तिथे कनात लावून पंगत मांडली होती, पाटावर बसायची, गर्दी नाही, गरम मसालेभात, गरम जिलेबी. आम्ही पहिला घास घेतो न घेतो तोच अण्णा आले आणि थबकले.

"ही घरच्या माणसांची पंगत," ते आमच्या कानाशी येऊन ओरडले. "बाहेर कुणाला ठावं न्हाय. तुमास्नी कुणी सांगितलं?"

सरांनी कनातीच्या फटीतून स्टेजकडे बोट केलं. अण्णांनी वळून पाहिलं. पल्लवीने मान वळवून थोडी खाली केली आणि वडिलांकडे बघत ओठ हलवले. मलाही ते वाचता आलं, इतकं ते साधं होतं. "अण्णा, त्यांना जिलेबी वाढा."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले, आणि वाढप्याच्या हातातलं ताट काढून घेऊन, परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी आमच्या पानांवर वाकले.